नसबंदीनंतरची गर्भधारणा : शास्त्र, संशय आणि कायदा

कुटुंबनियोजनाच्या कायमस्वरूपी पद्धतींमध्ये पुरुष नसबंदी ही सर्वांत सोपी, कमी खर्चाची आणि कमी धोक्याची शस्त्रक्रिया मानली जाते. तरीही ही शस्त्रक्रिया झालेल्या पुरुषाच्या पत्नीस क्वचित प्रसंगी दिवस जातात. असे घडले की घरात आणि गावात दोनच तर्क निघतात. पत्नीच्या वर्तनात खोट असली पाहिजे, हा पहिला तर्क. डॉक्टरने हयगय केली असली पाहिजे, हा दुसरा. पहिल्या तर्काने संसार मोडतात. दुसऱ्याने एखाद्या प्रामाणिक शल्यचिकित्सकाची नाहक बदनामी होते, किंवा हयगय खरोखरच झालेली असेल तर पुराव्याअभावी ती झाकली जाते. अशा वेळी गावकरी सल्ल्यासाठी येतात ते शिक्षकाकडे, ग्रामसेवकाकडे किंवा पंचायत सदस्याकडे. म्हणूनच या विषयाचे शास्त्र आणि कायदा या दोहोंची माहिती या मंडळींना असणे आवश्यक आहे.

पार्श्वभूमी

संततिनियमनाच्या विचाराशी महाराष्ट्राचा संबंध जुना आहे. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केले आणि १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातून लोकनिंदा सोसून या विषयाचे शिक्षण दिले. पुढे १९५२ साली भारताने राष्ट्रीय पातळीवर कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम हाती घेतला. असा कार्यक्रम शासकीय स्तरावर स्वीकारणारा भारत हा जगातील पहिला देश होय. १९७१ च्या जुलै महिन्यात केरळमधील एर्नाकुलम येथे भरलेल्या शिबिरात साठ हजारांहून अधिक पुरुषांनी शस्त्रक्रिया करून घेतल्या.

आणीबाणीच्या काळात, १९७६-७७ या एका वर्षात, देशात ऐंशी लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या आणि त्यांतील सुमारे बासष्ट लाख पुरुषांच्या होत्या. उद्दिष्टपूर्तीच्या घाईत झालेल्या जुलूमजबरदस्तीमुळे या शस्त्रक्रियेविषयी लोकांच्या मनात जी भीती बसली, ती दीर्घकाळ टिकली. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत स्त्री नसबंदीचे प्रमाण ३७.९ टक्के, तर पुरुष नसबंदीचे प्रमाण अवघे ०.३ टक्के आढळले. पुरुष आधीच कचरतात. त्यात एखाद्या गावात शस्त्रक्रिया ‘फसल्याची’ वार्ता पसरली आणि तिचा खुलासा कोणी केला नाही, तर त्या पंचक्रोशीत पुढे कोणी पुरुष या शस्त्रक्रियेस तयार होत नाही. कायमस्वरूपी पद्धतीचा सारा भार मग स्त्रीवरच राहतो.

शस्त्रक्रियेत काय होते

शुक्रजंतू वृषणात तयार होतात. तेथून ते वीर्यवाहिनी नावाच्या दोन बारीक नळ्यांतून वर जातात आणि अन्य ग्रंथींतील स्रावात मिसळून बाहेर पडतात. नसबंदीत या दोन्ही नळ्या कापून त्यांची टोके बांधली जातात. चीनमधील डॉ. ली शुनचियांग यांनी १९७४ साली विकसित केलेल्या बिनटाक्याच्या पद्धतीत त्वचेला एक सूक्ष्म छिद्र पाडून हेच काम केले जाते आणि रुग्ण थोड्याच वेळात घरी जाऊ शकतो. वृषणाला धक्का लागत नाही. पुरुषी शक्ती, कामेच्छा किंवा अंगमेहनतीची क्षमता यांपैकी काहीही कमी होत नाही. वीर्याचे प्रमाणही जवळजवळ पूर्वीइतकेच राहते, कारण शुक्रजंतू हा त्याचा अल्पसा अंश असतो.

येथेच पहिला गैरसमज उद्भवतो. नळी कापली त्या क्षणी पुरुष निर्बीज होतो, असे अनेकांना वाटते. वस्तुतः कापलेल्या जागेच्या पुढच्या भागात शुक्रजंतूंचा साठा शिल्लक असतो. पाण्याची मुख्य तोटी बंद केली तरी पुढच्या नळात असलेले पाणी काही वेळ येत राहते, तसाच हा प्रकार आहे. हा साठा निघून जाण्यास सुमारे तीन महिने लागतात. या अवधीत निरोध किंवा पत्नीने घ्यावयाचे अन्य साधन वापरणे अनिवार्य असते. तीन महिन्यांनी वीर्याची तपासणी करून त्यात एकही शुक्रजंतू नाही अशी खात्री झाल्यावरच शस्त्रक्रिया यशस्वी झाली असे म्हणता येते. शासकीय मार्गदर्शक सूचनांनुसार नसबंदीचे प्रमाणपत्रही या तपासणीनंतरच द्यावयाचे असते. तपासणीत शुक्रजंतू आढळल्यास साधन वापरणे चालू ठेवून दरमहा पुन्हा तपासणी करावयाची असते, आणि सहा महिन्यांनंतरही ते आढळत असतील तर शस्त्रक्रिया अयशस्वी झाली असे जाहीर करावे लागते.

अपयशाची तीन कारणे

नसबंदीनंतर गर्भ राहण्याची कारणे तीन प्रकारची असतात. जबाबदारी कोणाची, हे ठरविताना त्यांतील भेद ध्यानात घ्यावा लागतो.

पहिले कारण म्हणजे प्रतीक्षेच्या काळात साधन न वापरणे. शस्त्रक्रियेनंतर पहिल्या तीन महिन्यांत राहिलेला गर्भ बहुधा साठ्यातील शुक्रजंतूंमुळे राहिलेला असतो. येथे प्रश्न उरतो तो एवढाच की, ही सूचना दाम्पत्यास समजेल अशा भाषेत दिली गेली होती काय? छापील कागदावर सूचना असणे आणि ती समजावून सांगितली जाणे यांत अंतर आहे.

दुसरे कारण शस्त्रक्रियेतील चूक. दोनपैकी एकच नळी बांधली जाणे, एकाच बाजूची नळी चुकून दोनदा बांधली जाणे किंवा नळीऐवजी शेजारचा दुसराच भाग बांधला जाणे, अशा चुका घाईच्या वातावरणात संभवतात. अशा व्यक्तीच्या वीर्यात तीन महिन्यांनंतरही शुक्रजंतू भरपूर प्रमाणात आढळतात. म्हणजेच वीर्यतपासणी वेळेवर झाली तर ही चूक गर्भधारणेपूर्वीच उघड होते आणि शस्त्रक्रिया पुन्हा करता येते.

तिसरे कारण निसर्गाचे. कापलेल्या टोकांच्या दरम्यान शरीर नवी पेशीजालिका तयार करते, तीत सूक्ष्म मार्ग निर्माण होतात आणि शुक्रजंतूंना पुन्हा वाट मिळते. यास नळी पुन्हा जुळणे असे म्हणतात. हे काही आठवड्यांत घडू शकते, तसेच काही वर्षांनीही घडू शकते. दोन टोकांमध्ये ऊतीचे आवरण घालून ती वेगळी ठेवल्यास हा संभव कमी होतो. परंतु तो पूर्णपणे नाहीसा करणारी पद्धत अद्याप वैद्यकशास्त्राजवळ नाही. वीर्यतपासणीत पूर्ण निर्दोष ठरल्यानंतरही सुमारे दोन हजार पुरुषांमागे एकाच्या बाबतीत नळी पुढे केव्हातरी जुळते, असे सामान्यतः मानले जाते. पहिल्या वर्षातील सर्व प्रकारची अपयशे धरली तर हे प्रमाण हजारी एक ते दोन इतके भरते.

प्रमाण अत्यल्प आहे खरे. पण लाखो शस्त्रक्रिया होतात तेथे ‘हजारी एक’ याचाच अर्थ शेकडो कुटुंबे असा होतो. ज्या घरात ही घटना घडते, त्या घराला टक्केवारीने धीर येत नाही.

संशयाचे सावट

अशा प्रसंगी सर्वांत मोठा अन्याय पत्नीवर होतो. ‘नवऱ्याचे ऑपरेशन झाले आहे, मग हे कसे?’ या एका प्रश्नात तिच्या चारित्र्यावर शिंतोडा उडविला जातो. मारहाण, माहेरी धाडणे, गर्भ पाडण्याची सक्ती असे प्रकार होतात. कित्येक स्त्रिया या भीतीनेच पाळी चुकल्याचे लपवितात, आणि मग वैद्यकीय उपायाची वेळ निघून जाते.

शास्त्राचे म्हणणे येथे स्पष्ट आहे. पत्नीस दिवस गेले तर पहिली तपासणी पतीच्या वीर्याची व्हावयास हवी. तीत शुक्रजंतू आढळले, तर प्रश्न तेथेच मिटतो. मात्र याच्या उलट अनुमान काढता येत नाही. एका तपासणीत शुक्रजंतू न आढळणे हा पतीच्या पितृत्वाविरुद्धचा पुरावा ठरत नाही. वीर्यतपासणीत शुक्रजंतू न आढळलेले पुरुषही नसबंदीनंतर पिता झाल्याची आणि ते पितृत्व जनुकीय चाचणीने सिद्ध झाल्याची उदाहरणे १९९४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली आहेत.

कायद्याची भूमिकाही कुटुंबाचे रक्षण करणारी आहे. वैध विवाहसंबंध चालू असताना जन्मलेले मूल हे त्या पतीचेच मानले जाते. १८७२ च्या भारतीय पुरावा अधिनियमाच्या कलम ११२ मध्ये ही तरतूद होती. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ११६ मध्ये ती कायम आहे. गर्भधारणा होऊ शकली असती त्या काळात पतिपत्नींचा परस्परांशी संबंध येणे शक्यच नव्हते असे सिद्ध केल्याशिवाय हे अनुमान ढळत नाही. पतीची नसबंदी झालेली आहे, एवढे सांगणे त्यासाठी पुरेसे नाही. जनुकीय चाचणीचा आदेश केवळ संशयापोटी किंवा सरसकट देऊ नये, असेही सर्वोच्च न्यायालयाने वेळोवेळी बजावले आहे.

हयगय म्हणजे काय

पत्नी दोषी नाही, म्हणजे डॉक्टर दोषी, असे समीकरण मांडणेही चुकीचे आहे. अपेक्षित फळ न मिळणे आणि कर्तव्यात कसूर होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डॉक्टरने रुग्णाची काळजी घेण्याचे कर्तव्य पार पाडले नाही, आणि त्या कसुरीमुळेच हानी झाली, या दोन्ही गोष्टी सिद्ध व्हाव्या लागतात. इंग्लंडमध्ये १९५७ साली बोलम खटल्यात सांगितलेली कसोटी भारतीय न्यायालयांनीही स्वीकारली आहे. त्या क्षेत्रातील सामान्य कुशल व्यावसायिकाने जी काळजी घेतली असती ती घेतली गेली काय, असा प्रश्न ही कसोटी विचारते. सर्वोत्तम तज्ज्ञाचे कौशल्य प्रत्येक डॉक्टरकडून अपेक्षित नाही. पण सर्वसाधारण कौशल्य आणि सर्वसाधारण दक्षता यांतून कोणाचीही सुटका नाही.

फौजदारी जबाबदारीचे माप याहून कडक आहे. सर्वोच्च न्यायालयाने ५ ऑगस्ट २००५ रोजी जेकब मॅथ्यू प्रकरणात स्पष्ट केले की, डॉक्टरला गुन्हेगार ठरविण्यासाठी हयगय ढोबळ स्वरूपाची असावी लागते. नसबंदी अयशस्वी झाली म्हणून तडक पोलीस ठाण्यात जाण्याचा सल्ला देणाऱ्यांनी हा भेद ओळखला पाहिजे.

नसबंदीच्या बाबतीत हयगय मुख्यतः चार ठिकाणी संभवते. शस्त्रक्रियेपूर्वी अपयशाची शक्यता न सांगणे, शस्त्रक्रिया करताना तांत्रिक चूक होणे, शस्त्रक्रियेनंतर वीर्यतपासणीची सूचना न देणे, आणि तपासणी झाल्यास तिचा निष्कर्ष चुकीचा कळविणे. नळी पुढे आपोआप जुळली असेल आणि या चारही बाबतींत कर्तव्य पार पडले असेल, तर हयगय झाली असे म्हणता येत नाही.

सर्वोच्च न्यायालयाचे दोन निर्णय

या विषयावरील भारतीय न्यायनिर्णय प्रामुख्याने स्त्री नसबंदीच्या प्रकरणांत दिले गेले आहेत. परंतु त्यांतील तत्त्वे पुरुष नसबंदीसही लागू पडतात.

पहिले प्रकरण हरियाणातील गुडगावचे. सात मुले असलेल्या एका गरीब मजूर स्त्रीने १९८८ साली शासकीय रुग्णालयात नसबंदी करून घेतली. पुढे तिला दिवस गेले. प्रारंभी तिला गर्भ नाही असेच सांगण्यात आले. गर्भ असल्याचे उघड झाल्यावर तिने गर्भपाताची विनंती केली, तेव्हा ते जिवास धोक्याचे आहे असा सल्ला मिळाला. तिला मुलगी झाली. चौकशीअंती असे दिसून आले की, दोन गर्भनलिकांपैकी केवळ उजवी नलिका बांधली गेली होती. दिवाणी न्यायालयाने चोपन्न हजार रुपयांची भरपाई मंजूर केली. राज्य शासनाने अपील केले आणि सार्वभौम सत्तेच्या कार्यासाठी शासन जबाबदार धरले जाऊ शकत नाही असा बचाव मांडला. सर्वोच्च न्यायालयाने २४ एप्रिल २००० रोजी तो बचाव फेटाळला. रुग्णालयातील डॉक्टरच्या हयगयीबद्दल शासन जबाबदार आहे आणि मुलीच्या संगोपनाचा खर्च मागण्याचा त्या मातेस अधिकार आहे, असा निर्णय दिला. लोकसंख्येला आळा घालण्याच्या कार्यक्रमात सहभागी होण्यासाठी गरीब कुटुंब पुढे येते, तेव्हा ती शस्त्रक्रिया दक्षतेने पार पाडणे ही शासनयंत्रणेची जबाबदारी आहे, हा या निर्णयाचा आशय आहे.

दुसरे प्रकरण पंजाबातील. तेथील स्त्रीची शस्त्रक्रिया १९८४ साली झाली आणि सुमारे सात वर्षांनी, १९९१ मध्ये, तिला मुलगी झाली. शस्त्रक्रियेत चूक झाल्याचा पुरावा पुढे आला नव्हता. २५ ऑगस्ट २००५ रोजी सरन्यायाधीश रमेशचंद्र लाहोटी यांच्या नेतृत्वाखालील तीन न्यायमूर्तींच्या पीठाने खालच्या न्यायालयांनी दिलेली भरपाई रद्द केली. नसबंदीनंतर केवळ मूल झाले यावरून डॉक्टर किंवा शासन जबाबदार ठरत नाही. शस्त्रक्रियेतील हयगय सिद्ध झाली पाहिजे किंवा शंभर टक्के यशाची हमी देण्यात आली होती असे दाखविता आले पाहिजे, असे न्यायालयाने म्हटले. त्याबरोबरच, अशा कुटुंबांच्या साहाय्यासाठी शासनाने कल्याण निधी किंवा विमा योजना उभारण्याचा विचार करावा, अशीही सूचना केली.

वरवर पाहता हे दोन निर्णय परस्परविरोधी वाटतील. तसे ते नाहीत. गुडगावच्या प्रकरणात एक नलिका बांधलीच गेली नव्हती, म्हणजे चूक सिद्ध होती. पंजाबच्या प्रकरणात ती सिद्ध नव्हती. दोन्ही निकाल एकाच सूत्रावर उभे आहेत आणि ते सूत्र म्हणजे पुरावा.

अन्य देशांतील अनुभव

पुरुष नसबंदीविषयीचे दोन ब्रिटिश खटले उद्बोधक आहेत. इंग्लंडमधील एका रेल्वे कर्मचाऱ्याने १९७५ साली शस्त्रक्रिया करून घेतली. नळी आपोआप जुळली आणि पत्नीस दिवस गेले. शस्त्रक्रियेनंतर असे काही संभवतच नाही अशी तिची समजूत होती. त्यामुळे सुमारे पाच महिने होईपर्यंत आपण गर्भवती आहोत हे तिच्या ध्यानातच आले नाही. अपील न्यायालयाने १९८५ साली असे ठरविले की, डॉक्टरने यशाची हमी दिली होती असे मानता येत नाही. मात्र अपयशाची शक्यता न सांगणे ही हयगयच होय. सूचना मिळाली असती तर तिने लक्षणे वेळीच ओळखली असती. शस्त्रक्रिया निर्दोष असली तरी केवळ न सांगण्यामुळे जबाबदारी येऊ शकते, हा या खटल्याचा धडा आहे.

दुसरा खटला स्कॉटलंडमधील टेसाइड आरोग्य मंडळाविरुद्धचा. शस्त्रक्रियेनंतर वीर्य निर्दोष आहे, आता साधन वापरण्याची गरज नाही, असे दाम्पत्यास कळविण्यात आले. पुढे त्यांना पाचवे अपत्य झाले. हाऊस ऑफ लॉर्ड्सने १९९९ साली गर्भारपण आणि प्रसूतीच्या यातनांबद्दल मातेची मागणी मान्य केली, परंतु निरोगी अपत्याच्या संगोपनाचा खर्च नाकारला. निरोगी मुलाचा जन्म ही हानी मानता येणार नाही, असा एकंदर सूर होता. ऑस्ट्रेलियाच्या उच्च न्यायालयाने मात्र २००३ साली, स्त्री नसबंदीच्या प्रकरणात, चार विरुद्ध तीन मतांनी संगोपनखर्च मान्य केला. मूल हे वरदान आहे, आणि मूल वाढविण्यास पैसा लागतो, ही दोन्ही विधाने खरी आहेत. त्यांपैकी कोणत्यास किती वजन द्यावे, याविषयी जगभर मतभेद आहेत.

गर्भपात : हक्क, सक्ती नव्हे

१९७१ चा वैद्यकीय गर्भपात अधिनियम १ एप्रिल १९७२ पासून अमलात आला. गर्भनिरोधक साधन किंवा पद्धत अयशस्वी झाल्यामुळे राहिलेला गर्भ हा स्त्रीच्या मानसिक आरोग्यास गंभीर इजा करणारा मानता येईल, असे स्पष्टीकरण त्यात आरंभापासून आहे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर या कारणासाठी वीस आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकाच्या मताने गर्भपात करता येतो, आणि ही तरतूद आता केवळ विवाहित स्त्रीपुरती मर्यादित राहिलेली नाही.

पंजाबच्या प्रकरणात न्यायालयाने असेही म्हटले की, गर्भ राहिल्याचे कळूनही दाम्पत्याने तो वाढू दिला, तर ते मूल नकोसे होते असे पुढे म्हणता येत नाही. या विधानाचे व्यवहारातील परिणाम गावपातळीवर काम करणाऱ्यांनी लक्षात घेतले पाहिजेत. गर्भपात करून घ्यावयाचा की नाही हा निर्णय त्या स्त्रीचा आहे. तिच्यावर कोणीही सक्ती करू शकत नाही. परंतु निर्णय घेण्यास अवधी मिळावा म्हणून बातमी वेळेवर कळणे महत्त्वाचे आहे. नसबंदीच्या शासकीय संमतिपत्रात पाळी चुकल्यास दोन आठवड्यांच्या आत आरोग्य केंद्रास कळविण्याची आणि गर्भपाताची सोय विनामूल्य मिळण्याची तरतूद याचसाठी आहे. संशयाच्या भीतीने गप्प बसलेली स्त्री हा हक्क गमावून बसते.

भरपाईची योजना

सर्वोच्च न्यायालयाने १ मार्च २००५ रोजी नसबंदी शस्त्रक्रियांच्या गुणवत्तेविषयी राज्यांना निर्देश दिले. मान्यताप्राप्त डॉक्टरांची सूची, तपासणीसूची, एकसारखे संमतिपत्र, गुणवत्ता समित्या आणि विमा हे त्यांतील प्रमुख घटक होते. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये केंद्र शासनाने कुटुंबनियोजन विमा योजना सुरू केली. १ एप्रिल २०१३ पासून तिचे रूपांतर कुटुंबनियोजन हानिरक्षण योजनेत करण्यात आले. त्या वेळी शस्त्रक्रिया अयशस्वी झाल्यास तीस हजार रुपये, तर रुग्णालयात किंवा घरी पाठविल्यापासून सात दिवसांच्या आत मृत्यू झाल्यास दोन लाख रुपये अशी भरपाई ठरविण्यात आली होती. पुढे या रकमांत वाढ करण्यात आली. प्रचलित दर तालुका आरोग्य अधिकाऱ्याकडून समजून घ्यावेत.

या योजनेचे वैशिष्ट्य असे की, भरपाईसाठी हयगय सिद्ध करावी लागत नाही. शस्त्रक्रिया झाली होती आणि ती अयशस्वी ठरली, एवढे दाखविणे पुरेसे असते. मात्र अपयश लक्षात आल्यापासून नव्वद दिवसांच्या आत दावा दाखल करावा लागतो. डॉक्टरवर खटला झाल्यास त्यालाही योजनेत ठरावीक मर्यादेपर्यंत संरक्षण आहे. विनामूल्य शासकीय सेवा सामान्यतः ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ सालीच स्पष्ट केले होते. त्यामुळे शासकीय रुग्णालयातील शस्त्रक्रियेबाबत या योजनेचा दावा किंवा दिवाणी दावा हेच मुख्य मार्ग उरतात. पैसे देऊन खाजगी रुग्णालयात शस्त्रक्रिया केली असल्यास ग्राहक आयोगाकडेही दाद मागता येते.

पंचायत सदस्य आणि कर्मचारी यांचा प्रश्न

महाराष्ट्रात या विषयाला आणखी एक बाजू आहे. ग्रामपंचायत अधिनियमात १९९५ च्या दुरुस्तीने दोनांहून अधिक अपत्ये असलेल्या व्यक्तीस सदस्यत्वासाठी अपात्र ठरविण्याची तरतूद घालण्यात आली आणि ती १३ सप्टेंबर २००० पासून अमलात आली. शासकीय सेवेसाठी २००५ च्या लहान कुटुंबाच्या प्रतिज्ञापत्राच्या नियमांनी तशीच अट घातली. ग्रामपंचायत अधिनियमातील कलमात एकाच प्रसूतीत झालेल्या जुळ्यांविषयी आणि दत्तक अपत्याविषयी स्पष्टीकरण आहे. नसबंदी अयशस्वी झाल्यामुळे झालेल्या अपत्याविषयी मात्र स्वतंत्र अपवाद नाही.

परिणामी दोन अपत्यांनंतर शस्त्रक्रिया करून घेणाऱ्या, म्हणजेच धोरणाचे मनापासून पालन करणाऱ्या सदस्याचेच पद तिसऱ्या अपत्यामुळे धोक्यात येऊ शकते. अशा सदस्याने वा सदस्येने वेळ न दवडता वैद्यकीय कागदपत्रे जमवावीत आणि कायदेशीर सल्ला घ्यावा. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, पद वाचविण्यासाठी पत्नीवर गर्भपाताची सक्ती होणार नाही याची दक्षता सहकाऱ्यांनी घ्यावी. आधी साठा संपण्याची वाट पाहणे आणि वीर्यतपासणी करून घेणे हाच या सर्व संकटांवरील खरा उपाय आहे.

गावपातळीवर काय करता येईल

नसबंदीचा प्रचार करणाऱ्या प्रत्येकाने ‘शंभर टक्के खात्री’ हे शब्द टाळावेत. ‘अत्यंत खात्रीची, पण अपयशाची किंचित शक्यता असलेली शस्त्रक्रिया’ असे सांगितल्याने लोक मागे हटतात हा समज निराधार आहे. आधी सांगितलेले सत्य माणूस स्वीकारतो. मागाहून कळलेले सत्य त्याला फसवणूक वाटते.

संमतिपत्र वाचून दाखवावे, आणि शक्य तेथे पत्नीच्या उपस्थितीत. भरपाईविषयीची कलमे विशेष करून समजावून द्यावीत. संमतिपत्राची प्रत, शस्त्रक्रियेचा कागद, वीर्यतपासणीचा अहवाल आणि प्रमाणपत्र हे चार कागद घरी एकत्र जपून ठेवण्यास सांगावे. पुढे वाद उद्भवल्यास कुटुंबाचा आणि डॉक्टरचाही बचाव याच चार कागदांवर अवलंबून असतो.

तीन महिन्यांनंतरची वीर्यतपासणी हा या साखळीतील सर्वांत दुबळा दुवा आहे. संकोच, रोजगार बुडण्याची चिंता आणि ‘झाले ते झाले’ ही वृत्ती यांमुळे अनेक पुरुष परत जातच नाहीत. आशा सेविकांनी आणि आरोग्य सेवकांनी शस्त्रक्रियेच्या दिवशीच तपासणीची तारीख लिहून द्यावी आणि ती जवळ आल्यावर आठवण करावी. नमुना घरून नेता येईल काय, तो किती वेळात पोहोचवावा, याची चौकशी आरोग्य केंद्रात आधीच करून ठेवल्यास संकोच बराच कमी होतो.

शिबिरांच्या संदर्भात सर्वोच्च न्यायालयाने १४ सप्टेंबर २०१६ रोजी दिलेला निर्णय अधिकाऱ्यांनी स्मरणात ठेवावा. बिहारमधील अररिया जिल्ह्यात जानेवारी २०१२ मध्ये अवघ्या दोन तासांत त्रेपन्न स्त्रियांच्या शस्त्रक्रिया एका शाळेच्या इमारतीत उरकण्यात आल्या होत्या. त्या प्रकरणात न्यायालयाने नसबंदी शिबिरांची पद्धत तीन वर्षांत बंद करण्यास आणि उद्दिष्टांचा अनौपचारिक दबावही टाळण्यास सांगितले. आकडा गाठण्याची घाई झाली की हात चुकतो, समजावून सांगणे राहून जाते आणि नोंदी अपुऱ्या राहतात. हयगयीचे बहुतेक खटले याच तीन त्रुटींतून जन्म घेतात.

आणि तरीही कोणाच्या घरी असा प्रसंग आलाच, तर गावातील जाणत्या माणसाने पहिला शब्द त्या स्त्रीच्या बाजूने उच्चारावा. पतीस सोबत घेऊन आरोग्य केंद्रात जावे, दोघांची तपासणी करून घ्यावी, नव्वद दिवसांची मुदत ध्यानात ठेवावी. गर्भ राहिला म्हणून पत्नी दोषी ठरत नाही, आणि गर्भ राहिला एवढ्यावरून डॉक्टरही दोषी ठरत नाही. जन्मास येणाऱ्या मुलाचा तर यात कसलाच दोष नसतो. ते मूल पुढे त्याच गावात वाढणार असते, त्याच शाळेत जाणार असते. त्याच्या जन्माविषयी गावात काय बोलले जावे हे कायदा ठरवू शकत नाही. ती जबाबदारी शिक्षकाची, पंचायत सदस्याची आणि शेजाऱ्यांची आहे.